दुतोंड्या मांडुळाचं दुसरं तोंड

मी इंझोरीहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक असल्यामुळे एरवी तुमच्याशी माझं बोलणं हप्ता, व्याज आणि मासिक बैठक यांवरच होतं. आज विषय जरा वेगळा घेतलाय. लोणासुर, दोन तोंडाचा साप, नागमणी अशा गोष्टी आपण लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकल्या. त्या निघाल्या कुठून आणि आज त्यांची किंमत कोण मोजतं, ते बघू.

सुरुवात लोणारपासून. शेजारच्याच बुलडाणा जिल्ह्यातलं हे सरोवर. काठावरच्या कमळजा देवीच्या दर्शनाला तुमच्यापैकी कितीतरी जणी जाऊन आल्या असतील. गोष्ट अशी की, तिथे जमिनीखाली लवणासुर नावाचा राक्षस राहायचा. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, आणि तिथलं पाणी तेव्हापासून खारट झालं. शास्त्रज्ञ सांगतात की, हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक मोठी उल्का येऊन काळ्या खडकावर आदळली आणि हा खड्डा पडला. त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला.

आता बघा, वावराच्या मधोमध एवढा गोल खड्डा आणि त्यात समुद्रासारखं खारं पाणी. जुन्या माणसांनी ते पाहिलं, विचार केला आणि गोष्ट रचली. त्या गोष्टीने कुणाचं नुकसान केलं नाही. पण काही गोष्टींच्या मागे आता दलाल उभे आहेत. त्यांच्याबद्दल मला बोलायचंय.

मांडूळ साप तुम्ही पाहिलाच असेल. भुसभुशीत मातीत राहतो, हळूहळू सरकतो, उंदीर खातो. त्याला विष नसतं. बाकी सापांची शेपटी निमुळती असते, याची मात्र बोथट आणि तोंडाइतकीच जाड. कुणी त्रास दिला की तो डोकं अंगाच्या वेटोळ्यात लपवतो आणि शेपटी वर करून हलवतो. शत्रूला वाटतं, हेच डोकं. घाव शेपटीवर जातो आणि साप वाचतो. अशा जखमांचे व्रण राहतात, ते डोळ्यांसारखे दिसतात. खेळ करणारे काही जण तर शेपटीला मुद्दाम चटके देऊन डोळे-तोंड काढायचे. सहा महिने या तोंडाने चालतो, सहा महिने त्या तोंडाने, ही गोष्ट इथून निघाली. म्हणजे जीव वाचवायची त्याची युक्ती आपल्याला चमत्कार वाटली.

आणि आता तीच युक्ती त्याच्या जिवावर उठलीय. मांडूळ घरात असला की पैशांचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, अमुक वजनाच्या सापाला कोट रुपये मिळतात, असं सांगत माणसं गावोगाव फिरतात.

आमच्या एका गटातल्या ताईने वीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण सांगितलं, बियाणं. दिवस होते सोयाबीन सोंगणीचे. बायकांनी विचारलं, आता कशाचं बियाणं? तेव्हा ती रडायला लागली. नवऱ्याने चार मित्रांसोबत मांडुळाचा सौदा ठरवला होता. शहरातली मोठी पार्टी येणार, पण आधी ‘तपासणीचा खर्च’ भरायचा होता. गटातली सगळ्यात वयस्कर मावशी कधी शाळेत गेली नाही. तिने एकच विचारलं, “बाई, कोट रुपये देणारा वीस हजार कायले मांगते?” बैठकीत कुणाजवळ याचं उत्तर नव्हतं. कर्ज नामंजूर झालं. ताई दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. पुढे नवऱ्याच्या मित्रांनी भरलेले पैसे घेऊन तो माणूस गेला, तो परत आलाच नाही.

यातली खरी मेख लक्षात घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यानुसार मांडूळ पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. त्यामुळे फसलेला माणूस पोलिसांत जायला घाबरतो. तक्रार करायची तर आधी स्वतःचा गुन्हा सांगावा लागतो. ठगाला हे पक्कं माहीत असतं.

नागमणीचं तसंच. ही कल्पना फार जुनी, वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही सापापासून मिळणाऱ्या मोत्याचं वर्णन आहे. पण नागाच्या डोक्यात मणी तयार होत नाही. डोक्याच्या कातडीला चीर देऊन आत खडा बसवायचा आणि लोकांसमोर काढून दाखवायचा, असा हा खेळ.

तिसरी वस्तू खास आपल्या बायकांना विकली जाते, हत्थाजोडी. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसते. दुर्मीळ झाडाची मुळी म्हणून देतात, कुंकू लावून पैशाच्या डब्यात ठेवायला सांगतात. २०१७ मध्ये वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी ती प्रयोगशाळेत तपासून घेतली. ती निघाली नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. ऐकायला कसंतरी वाटतं, पण देव्हाऱ्यात काय ठेवतोय ते आपल्याला माहीत असायला हवं. घोरपडीला कायद्याने सगळ्यात कडक संरक्षण आहे. तेव्हा ती मुळी घरात सापडली तर लक्ष्मी नाही, वनखात्याची माणसं येतील.

आता शेवटचं, आणि सगळ्यात गरजेचं. मांडुळाचाच एक भाऊबंद आहे, डुरक्या घोणस. तोही बिनविषारी. पण अंगावरच्या ठिपक्यांमुळे तो खऱ्या घोणसासारखा दिसतो, आणि घोणस जहाल विषारी. “अरे, हा तर गरीब साप” म्हणून कुणी घोणसाला हात लावला तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून ओळख पटो न पटो, सापाला हात लावायचा नाही. निंदताना, सोंगताना, कुटाराच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. रात्री जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्रीच फिरतो, आणि त्याचा दंश कधीकधी कळतही नाही.

साप चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायचं कारण नाही. आणि दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडा करत बसणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आधी मांत्रिक, मग दवाखाना, या क्रमात माणूस हातचा जातो.

मैत्रिणींनो, लेकरांना लोणासुराची गोष्ट जरूर सांगा. दुतोंड्याचीही सांगा, आणि त्याचं दुसरं तोंड म्हणजे शेपटी कशी, तेही सांगा. ऐकून त्यांचे डोळे जास्तच मोठे होतात, मी पाहिलंय. आणि घरात कुणी सापाचा, मण्याचा, मुळीचा सौदा काढला, तर लाजून गप्प बसू नका. गटाच्या बैठकीत विषय मांडा आणि मावशीचा तो एक प्रश्न विचारा. आपण दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये टाकून जी पेटी भरतो, तिच्यात पैशांचा पाऊस कधी पडला नाही. तिथला एकेक रुपया आपल्या मजुरीतून आलाय.