बंगला त्यांचा, वाडी कुणाची?

(वाडीवरच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही अलिबाग तालुक्यातले कातकरी. आमच्या टेकाडावरून समुद्र दिसतो, कुलाबा किल्ला दिसतो. किल्ला शिवाजी महाराजांच्या काळातला, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा, हे शाळेत शिकलो. आता त्याच किल्ल्याचा आणि समुद्राचा भाव झालाय. मुंबईच्या पेपरात जाहिरात येते : १५ एकर, बंगला, विहीर, आंब्याची कलमं, समुद्र जवळ, किल्ला जवळ. असली एक जाहिरात वाचली आणि जागा वळखू आली. विहीर आमच्या आज्यांनी खणलेली. जाहिरातीत सगळं होतं, आमची २६ घरं तेवढी नव्हती.

हे झालं कसं? आमचे आजे मालकाच्या शेतावर राबायला आले. मालक बोलला, त्या माळावर झोपड्या घाला. घातल्या. तीन पिढ्या झाल्या, पण सातबारा मालकाचाच राहिला. त्याच्या पोरांनी जमीन इकली ती माळासकट, आणि माळावर आम्ही. दिवाळीनंतर आम्ही वीटभट्टीवर गेलो. पावसाच्या तोंडावर परत आलो तर तारेचं कुंपण. विहिरीची वाट फाटकाच्या आत, मसणवट पलीकडे. बंगल्यात माणूस शनिवारी येतो, रविवारी जातो. बाकी पाच दिवस कुत्रा राहतो. कुत्र्याला नळाचं पाणी हाय, आमच्या बाया लांबून हंडा आणतात.

एक गोष्ट लपवायची नाही. बंगल्याचा रखवालदार आमचाच, झाडं शिंपणारी आमचीच. कुंपणाचे खांब पुरले तेही आमच्याच पोरांनी. रोजी मिळाली, घेतली. त्यांना बोल लावू नका, त्यांना मेळाव्याला आणा.

आता कायदा. जमिनीत दोन प्रकार हायेत, घोळ करू नका. पहिली, जिचा सातबारा आदिवासीच्या नावावर आहे. ती ६ जुलै १९७४ पासून कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. हे महसूल कायद्याचं कलम ३६अ. त्याआधी, १ एप्रिल १९५७ पासून गेलेल्या जमिनी परत मिळवायला १९७४ चा वेगळा कायदा आहे. दुसरी, आमच्यासारखी, जिचा सातबारा आमचा कधीच नव्हता. तिथं ३६अ लागत नाही. दलाल एवढंच सांगतो आणि भेव घालतो. पुढचं तो सांगत नाही. कूळ कायद्यात राहत्या घराच्या जागेबद्दल कलमं हायेत. महसूल कायद्याच्या कलम १२२ खाली कलेक्टर गावठाणाची हद्द ठरवू शकतो. आमची वाडी गावठाणात घ्या, ही आपली मागणी.

तर कामं वाटून घेऊ. घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, मतदारयादी, जे असेल ते एका पिशवीत ठेवा. तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढा. फेरफाराची नोटीस मिळाली तर १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, दारूची बाटली समोर ठेवली तरी नाही. आणि भट्टीवर जाताना वाडी रिकामी सोडू नका. दर पाच घरांमागं एक घर मागं राहील, त्याच्या दाण्याची सोय बाकीच्यांनी करायची. गेल्या वर्षी हे केलं असतं तर कुंपण पडलं नसतं.

किल्ला पाहायला कुणीही यावं. आमच्या विहिरीवर आम्हीच जाणार.

आदिवासी एकजुटीचा विजय असो! जिंदाबाद!