उभ्या गाडीची वाढलेली चाल

गाडीची परीक्षा ओझें भरून आणि चढावर घालून करावी असा सामान्य समज आहे, आणि तो चुकीचा नाहीं. परंतु एंजिनाचे कित्येक दोष गाडी धांवत असतां झांकले जातात व ती उभी राहिली म्हणजेच बोलूं लागतात. गिअर काढलेला आहे, चालकाचा पाय रेसवर नाहीं, अशा वेळीं एंजिन ज्या मंद गतीनें स्वतःपुरतें फिरत राहतें त्या गतीस गॅरेजांतून ‘आयडलिंग’ म्हणतात. लहान मालगाड्यांच्या एंजिनांत ही गति मिनिटास सुमारें ६०० ते ८५० फेऱ्यांच्या दरम्यान असते. नेमका आंकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो. निरोगी माणसाच्या नाडीप्रमाणें ती सावकाश व सारखी चालावी लागते. नाडी विनाकारण जलद झाली तर वैद्य आधीं कारण शोधतो. उभ्या गाडीची चाल वाढली असतां मात्र पुष्कळ ठिकाणीं कारण न शोधतां एक स्क्रू फिरविला जातो, आणि गाडी बरी झाली असें समजून मालक पैसे देऊन निघून जातो.

सोलापुरांत हा प्रश्न किरकोळ म्हणतां येणार नाहीं. पुण्याहून हैदराबादेस जाणारा व विजापुराहून तुळजापुराकडे जाणारा असे दोन मोठे रस्ते या शहरीं मिळतात. बाजार समितीच्या आवारांत कांद्याच्या हंगामांत गाड्यांच्या रांगा लागतात. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींतून चादरींचे व टॉवेलांचे गठ्ठे निघतात. या मालाचा मोठा भाग लहान पिकअप गाड्या वाहतात, आणि त्यांतल्या अनेक गाड्यांनीं दोनतीन मालक पाहिलेले असतात. एका गाडीवर एक कुटुंब चालतें. अशा गाडीची चाल वाढली म्हणजे रांगेंत उभ्या उभ्या तेल जळतें, गिअर घालतांना कर्कश आवाज होतो व क्लच लवकर झिजतो. याहून गंभीर गोष्ट म्हणजे, तुळजापूरचा घाट उतरतांना पाय रेसवरून काढला तरी एंजिन गाडीस पुरेसें आवरीत नाहीं, आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

चाल वाढते ती कशानें, हें समजण्यास पेट्रोल व डिझेल या दोन जातींतला भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पेट्रोलच्या एंजिनांत गतीची किल्ली हवेच्या हातीं असते. १ भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें १५ भाग हवा लागते. कार्बुरेटरांतील पडदी जेवढी उघडेल तेवढी हवा आंत जाते व त्या हवेच्या ओढीनें पेट्रोल तिच्यांत मिसळतें. डिझेलच्या एंजिनांत हवा बहुधा मोकळीच जाते. तेथें गति ठरते ती पंपानें नोझलकडे पाठविलेल्या तेलाच्या मापानें. म्हणून पेट्रोलची चाल वाढली असतां “जास्त हवा कोठून येते?” असें विचारावें, आणि डिझेलची वाढली असतां “जास्त तेल कोण देतो?” असें विचारावें. बहुतेक सारा शोध या दोन प्रश्नांतच आहे.

आधीं पेट्रोलची गाडी घ्यावी. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईस विलिसच्या जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला, व त्या घराण्यांतल्या पेट्रोलच्या गाड्या हौसेनें वा गरजेनें जपलेल्या अजूनहि आढळतात. अशा गाडीची परीक्षा थंड एंजिनावर करूं नये. सकाळीं चोक ओढला असतां चाल कांहीं वेळ वाढलेली राहणें स्वाभाविक आहे. दहापंधरा मिनिटें गाडी चालवून एंजिन तापूं द्यावें, चोक पूर्ण आंत ढकलावा, आणि मग झांकण उघडून चोकची पडदी खरोखर उघडली आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं पहावें. दांडा आंत गेला तरी गंजलेली तार पडदीस अर्ध्यावर धरून ठेवते, असें पुष्कळदां घडतें.

यानंतर रेसची केबल. ती कार्बुरेटरच्या टोंकाशीं सोडवावी. सोडवितांच चाल उतरली तर दोष केबलींत आहे: ती आंखूड बसविली असेल, धुळीनें अडकत असेल, किंवा परतीची स्प्रिंग दमली असेल. कधीं पायाखालचें जाड पायपुसणेंच पेडलवर चढलेलें असतें. एवढ्या साध्या गोष्टीसाठीं कार्बुरेटर खोललेला पाहिला म्हणजे परीक्षेचा क्रम पाळणें किती अगत्याचें आहे तें कळतें. फुकट होणारी परीक्षा आधीं आणि खर्चाची नंतर, हा तो क्रम होय. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर गुण कशानें आला तें समजत नाहीं.

केबल निर्दोष ठरली तर चोरवाटेनें शिरणाऱ्या हवेचा शोध घ्यावा. कार्बुरेटरच्या खालचें गास्केट, मॅनिफोल्डचा सांधा आणि मॅनिफोल्डपासून निघालेल्या रबरी नळ्या या तिच्या नेहमींच्या जागा. सोलापुरचा उन्हाळा पारा ४० अंशांपलीकडे नेतो. त्यांत एंजिनाची धग मिळाली म्हणजे जुनें रबर कडक होऊन चिरतें. चीर बोटास लागत नाहीं, पण कान जवळ नेला तर बारीक सुसकारा ऐकूं येतो. एंजिन चालू ठेवून एकेक नळी फडकें गुंडाळलेल्या पकडीनें क्षणभर दाबावी. जी दाबतांच चाल उतरेल त्या वाटेस गळती आहे. सांध्यावर साबणाचें पाणी कुंचल्यानें लावावें. पाणी आंत ओढलें जाऊन सुसकारा किंवा चाल बदलली तर तो सांधा फुटका समजावा. या कामीं कांहीं ठिकाणीं पेट्रोल शिंपडण्याची पद्धत आहे. तापलेल्या सायलेंसरशेजारीं पेट्रोल शिंपडणें म्हणजे दोष शोधण्याकरितां गाडी पेटविणें होय. तें कधींहि करूं नये.

या नळ्यांपैकीं एकीकडे विशेष लक्ष द्यावयास हवें. ज्या पेट्रोल गाडीस ब्रेकचा बूस्टर आहे, तिच्यांत बूस्टरला बळ मिळतें तें मॅनिफोल्डमधील निर्वातापासून, एका जाड नळीवाटे. ही नळी फुटली किंवा बूस्टरचा पडदा फाटला म्हणजे दोन गोष्टी एकदम होतात: उभ्या गाडीची चाल बिघडते, आणि ब्रेक जड होतो. अशा वेळीं स्क्रू फिरवून चाल उतरविली तर गाडीनें दिलेली सूचना तेवढी पुसली जाते. नळी फुटकीच राहते. याची परीक्षा एक पैसाहि न खर्चतां करतां येते. एंजिन बंद करून ब्रेक चारपांच वेळां दाबावा, मग पेडल दाबून धरून एंजिन सुरू करावें. बूस्टर ठीक असेल तर पायाखालीं पेडल किंचित् खालीं उतरतें. तें जागचें हाललें नाहीं तर गाडी मालासाठीं बाहेर काढूं नये. डिझेल गाडींत हें निर्वात बहुधा निराळ्या पंपानें तयार होतें. म्हणून तेथें ब्रेक बिघडला तरी चाल वाढत नाहीं, आणि ही परीक्षा वेगळीच करावी लागते.

हवेची वाट सांपडली नाहीं तर आणखी दोन जागा उरतात. एक, कार्बुरेटरमधील पडदीचा आंस. वर्षानुवर्षें हलून तो आपलीं भोंकें मोठीं करतो. तो बोटांनीं खालींवर हलवून पाहिल्यास ढिलाई लागते. दुसरी, ठिणगीची वेळ. डिस्ट्रिब्यूटरमधील वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्या किंवा तेलावांचून अडकल्या तर ठिणगी सदैव लवकर पडते, आणि हवा न वाढतांहि चाल वाढते. येथें कार्बुरेटर निरपराध असतो.

आतां डिझेल. पुण्याच्या टेल्को कारखान्यानें १९८६ सालीं ४०७ व १९८८ सालीं टाटामोबील बाजारांत आणली, आणि लहान मालगाडी म्हणजे डिझेलची गाडी हें समीकरण रूढ झालें. डिझेलमध्यें तेलाचें माप संभाळणारा भाग म्हणजे गव्हर्नर. गिरणगांवाला हें नांव अपरिचित नसावें. जेम्स वॉटनें १७८८ सालीं वाफेच्या यंत्रास फिरत्या दोन गोळ्यांचा गव्हर्नर लावला. यंत्र जलद झालें कीं गोळे बाहेर फेंकले जाऊन वाफेचें दार कमी होई. १८७७ सालीं सोलापुरांत पहिली कापडगिरणी, म्हणजे आज जिला जुनी मिल म्हणतात ती, निघाली. त्या काळच्या गिरण्यांचीं वाफेचीं एंजिनें याच तत्त्वानें ताब्यांत राहात, कारण एंजिनाची गति ढळली तर मागावरचें सूत तुटे. डिझेल पंपाच्या पोटांत तेंच तत्त्व लहान रूपानें बसलेलें असतें.

डिझेलच्या परीक्षेचा आरंभहि केबलीपासूनच करावा. जुन्या कांहीं गाड्यांना हातानें ओढावयाची रेसची दांडी असते. ती थोडी ओढलेली राहिली असल्यास दुसरें कारण शोधण्याचें प्रयोजन नाहीं. त्यानंतर पंपावरील दांडा आपल्या खालच्या अडकणीस टेकतो कीं नाहीं तें पहावें. तो टेकूनहि चाल वाढलेलीच असेल तर दोष अडकणीच्या स्क्रूंत किंवा गव्हर्नरच्या आंत आहे. चाल एकसारखी जास्त न राहतां वरखालीं होत असेल, तर तेलाच्या वाटेंत हवा शिरल्याचा संशय घ्यावा व फिल्टर, नळ्या आणि वायसर तपासून हवा काढावी.

जुन्या डिझेल एंजिनांपैकीं कांहींना निर्वातावर चालणारा गव्हर्नर असतो. त्यांत एक चामडी पडदा स्प्रिंगच्या विरुद्ध ओढला जाऊन तेल कमी करतो. पडदा फाटला किंवा त्याची नळी चिरली तर ओढ नाहींशी होते, स्प्रिंग जिंकते, आणि पंप पूर्ण तेल देऊं लागतो. म्हणजे सुतळीएवढ्या चिरेनें एंजिन मोकाट सुटूं शकतें. परीक्षा अशी: एंजिन बंद असतां पंपाचा दांडा बंदच्या बाजूस दाबून धरावा, नळी काढून तें तोंड बोटानें घट्ट मिटावें आणि दांडा सोडावा. पडदा शाबूत असेल तर दांडा किंचित् सरकून थबकतो; लगेच परत धांवला तर पडदा फाटका समजावा. पंपाच्या मोठ्या गतीचा स्क्रू तारेनें मोहोरबंद केलेला असतो. त्या मोहोरेस पंपाच्या कारागिराखेरीज कोणीं हात लावूं नये.

सर्वांत भयंकर प्रकार असा कीं, एंजिन डिझेल न घेतां स्वतःचेंच वंगणतेल जाळूं लागतें. तेलाच्या एअर फिल्टरमध्यें खुणेपेक्षां जास्त तेल भरलें, किंवा झिजलेल्या टर्बोमधून तेल हवेच्या वाटेस लागलें, तर असें घडतें. मग बंद करण्याची केबल ओढूनहि उपयोग होत नाहीं, कारण तेल पंपांतून येतच नसतें. अशा वेळीं हवेचें तोंड जाड फळीनें झांकावें. हात घालूं नये. किंवा हातब्रेक व पायाचा ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर घालून क्लच एकदम सोडावा, म्हणजे एंजिन गुदमरून थांबतें. एंजिनाच्या शेजारीं कोणासहि उभें राहूं देऊं नये.

अलीकडच्या गाड्यांत, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत, तेलाचें माप संगणक ठरवितो. तेथें रेडिएटरांतील पाणी कमी झालें किंवा उष्णता मोजणारा संवेदक बिघडला तर संगणकास एंजिन थंडच वाटतें, आणि तो चाल चढती ठेवतो. फिरविण्याजोगा स्क्रूच नसल्यानें तेथें कारण शोधावेंच लागतें. जुन्या गाडीच्या मालकानें हीच शिस्त स्वतःवर घालून घ्यावी.

स्क्रू निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. सांधे घट्ट झाले, केबल मोकळी झाली, ठिणगीची वेळ जुळली, म्हणजे शेवटीं तापलेल्या एंजिनावर स्क्रू फिरवून चाल पुस्तकांतल्या आंकड्यावर आणावी; तो त्यासाठींच केलेला आहे. मालकानें मिस्त्रीस एवढेंच विचारावें, “चाल उतरविली हें ठीक, पण ती वाढली होती कशानें?” या प्रश्नाचें उत्तर ज्याला देतां येतें त्याच्या हातीं गाडी द्यावी. घाटाच्या उतारावर, मागें दोन टन कांदा असतां, ब्रेकची फुटकी नळी हेरण्यास फार उशीर झालेला असतो. ती हेरावयाची ती गाडी अंगणांत उभी असतांनाच.