रूळ गेले, वाट उरली
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



आपल्यापैकी बरेचजण रेल्वेवाले, म्हणून विषयही घरचाच घेतो.

फ्रान्सच्या ग्रामीण भागात ‘व्हाा व्हेर्त’ म्हणजे ‘हिरव्या वाटा’ आहेत. तिथे मोटारींना मज्जाव. सायकली, पादचारी, चाकाच्या खुर्च्या यांना प्रवेश. बर्गंडीतील जिव्री ते क्लुनी ही सुमारे ४४ किलोमीटरची वाट १९९७ साली खुली झाली. मूळचा हा बंद पडलेला लोहमार्ग. रूळ, स्लीपर काढले आणि भरावावर डांबर घातले. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आणि खेडी. क्लुनीच्या दक्षिणेचा सुमारे १६०० मीटरचा बोगदाही सायकलींना मिळाला. हिवाळ्यात मात्र तो बंद ठेवतात, कारण आत वटवाघळांची झोप चालू असते!

आता आपल्या धंद्यातली गंमत. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घसरते, म्हणून रेल्वेला चढ बेताचाच लागतो. त्यासाठी जुन्या अभियंत्यांनी कटिंग केले, भराव घातले. ते कष्ट आज सायकलवरच्या आजीबाईंच्या आणि नातवंडांच्या कामी येतात.

हे साधले, कारण जमिनीचा पट्टा सलग राहिला. आपल्याकडेही गेज रूपांतरात वळण सरळ केले की जुना भराव मागे पडतो. मग मुरूम उचलला जातो, अतिक्रमण होते. पट्टा एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही. अशी फाईल टेबलावर आली, तर सहकाऱ्यांनो, ‘पट्टा सलग ठेवावा’ एवढा शेरा जरूर मारा.

गणपती बाप्पा मोरया!