हजार टेप आणि एक कॅसेट

आज कोडिंग नाही, एका संगीतकाराबद्दल बोलायचंय.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा फाइली असतातच. आर्थर रसेल तसाच होता. अमेरिकेतल्या आयोवाचा हा पोरगा कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात आपलं संगीत शिकला, मग न्यूयॉर्कला गेला. चेलो वाजवायचा, डिस्कोची गाणीही करायचा. एकाच गाण्याच्या कितीतरी आवृत्त्या! वॉकमनवर त्या ऐकत शहरभर फिरायचा आणि परत बदलायचा.

४ एप्रिल १९९२ ला तो एड्सनं गेला. वय फक्त ४०. एचआयव्हीला रोखून धरणारे एकत्रित औषधोपचार १९९६ च्या सुमारास आले. चारच वर्षांनी!

मागे हजाराहून जास्त टेप राहिल्या. त्याचा जोडीदार टॉम ली यानं त्या जपल्या. त्यातून २००४ मध्ये 'कॉलिंग आउट ऑफ कॉन्टेक्स्ट' हा अल्बम निघाला. जुने साथीदार 'आर्थर्स लँडिंग' नावानं एकत्र येऊन त्याची गाणी वाजवू लागले. २०१४ मध्ये एड्सविरोधी कामासाठी निधी उभारणाऱ्या 'रेड हॉट' संस्थेनं नव्या कलाकारांकडून ती गाऊन घेतली. तो कशानं गेला हे कुणी लपवलं नाही, म्हणून गाणीही लपली नाहीत.

हे मी का सांगतोय? माझे एक चुलत काका गावच्या भजनात पेटी वाजवायचे. ते गेले तेव्हा मी लहान होतो. घरात 'टीबीनं गेला' एवढंच बोलायचे. एचआयव्ही होता, हे आजीनं मला गेल्या दिवाळीत सांगितलं. तेही दार लोटून! काकांनी बसवलेल्या चालीसुद्धा मंडळानं तेव्हाच सोडल्या होत्या. आजार लपवता लपवता आम्ही माणूसच पुसून टाकला.

आजीच्या ट्रंकेत त्यांची एक कॅसेट निघाली. मी ती मोबाइलवर घेतली. खरखर खूप आहे, पण मधेच पेटी थांबते आणि काका हसतात. ते ऐकून आजी म्हणाली, "परत लाव."

यंदा आषाढीला मंडळातल्या दोघा जुन्या माणसांनी ती चाल म्हटली. आधी काकांचं नाव घेतलं. आजारही सांगितला. कुणी उठून गेलं नाही.

तुमच्या घरातही अशी एखादी कॅसेट पडली असेल. काढा ती बाहेर. भेटू पुढच्या भागात.