यकृताचा शेरा आणि मधुमेह



प्रौढ वयात जडणारा मधुमेह म्हटला की साखर आणि स्वादुपिंड आठवतात. यकृताचे नाव निघाले की मात्र सर्वांच्या मनात मद्य येते. म्हणूनच निर्व्यसनी, शाकाहारी घरात एखाद्याच्या अहवालात ‘एसजीपीटी’ वाढलेले आढळले, तर लोक काय म्हणतील या संकोचाने तो कागद कपाटात जातो. हा संकोच महागात पडू शकतो. मद्याचा थेंबही न घेणाऱ्याचे यकृत मेदाने भरू शकते आणि तोच मेद मधुमेहाची वाट मोकळी करतो.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींत काम करणारी विकरे. पेशीला इजा झाली की ती रक्तात झिरपतात. रक्तातील ही विकरे मोजण्याची पद्धत अमेरिकेत आर्थर कारमेन यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. एसजीओटी हृदय व स्नायूंतही असल्याने यकृताची साक्ष एसजीपीटी अधिक नेमकी देते. जीजीटी हे तिसरे विकर होय. ते मद्याने आणि काही औषधांनीही वाढते.

गरजेपेक्षा अधिक खाल्लेले गोड व पिष्टमय पदार्थ यकृतात मेदाच्या रूपाने साठतात. गोदामात माल कोंबल्यावर येणे-जाणे अडते, तसे यकृत मग इन्सुलिनचा आदेश नीट ऐकत नाही. रात्री माणूस उपाशी झोपलेला असतानाही ते साखर सोडतच राहते आणि सकाळची उपाशीपोटी साखर वाढू लागते. स्कॉटलंडमध्ये सुमारे सहा हजार पुरुषांवर जवळजवळ पाच वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे एसजीपीटी आरंभीच अधिक होते, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा संभव अधिक दिसला.

‘प्रकृती किडकिडीत आहे, मग भय कशाचे?’ असे विचारले जाते. याचे उत्तर पुण्याने दिले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून मेदस्वी असू शकतो.

अर्थात हा शेरा आहे, ताळेबंद नव्हे. एसजीपीटी कावीळ, औषधे वा अन्य कारणांनीही वाढते, आणि यकृतात मेद असूनही ते सामान्य राहू शकते. मधुमेहाचे निदान साखरेवरच होते : उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक. हिशेबतपासनिसाने खातेवहीवर खूण केली की शहाणा व्यापारी ते पान उघडून पाहतो. वही लपवीत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख पूर्वमधुमेही असल्याचा अंदाज दिला. यकृतातील मेदाचे गांभीर्य ओळखून केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्याचा राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात समावेश केला.

गुलमंडी, पैठण गेट, सराफा या आपल्या शहराच्या पेठांत सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बसणे, ग्राहकाबरोबर चहा आणि दुकान वाढविल्यावर उशिरा भरपेट जेवण, हा अनेकांचा नित्यक्रम असतो. यात सूर्यास्तापूर्वी भोजनाची शिस्त ज्या घरांनी जपली, त्यांना पहाटे उपाशीपोटी रक्त देणे अवघड नाही. परंतु पारण्याच्या दिवशी मिठाईवर ताव मारला तर त्या शिस्तीचा लाभ उरत नाही.

वजन सात ते दहा टक्के उतरले तरी यकृतातील मेद कमी होतो, विकरे उतरू लागतात. वेळीच वाचलेला आकडा माणसाला सावध करतो. तेव्हा कपाटातील तो कागद बाहेर काढून डॉक्टरांपुढे ठेवण्याचे धैर्य प्रत्येक घराला लाभो, हीच सदिच्छा.