कोणाच्या हातचे पाणी

धर्मांतराची तारीख नोंदवहीत सापडते. मन पालटले ती घटका मात्र पुष्कळदा स्वयंपाकघरात शोधावी लागते.

१८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडिले नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास ठाऊक आहे की, त्याआधीच जातिभेद ईश्वरकृत नव्हे असे त्यांच्या मनाने घेतले होते आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला होता.

योहानाच्या शुभवर्तमानात भर दुपारी थकलेला येशू विहिरीपाशी बसून एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. ती चकित होते. कारण यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. प्रभू येथे याचक झाला आहे!

तहानलेल्यास पाणी देणे त्या मानाने सोपे. ज्यास आपण हलका मानिले, त्याच्यापुढे ओंजळ धरणे कठीण. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या हातचा पेला आपण सहज ओठांस लावतो काय? ख्रिस्ताची विहीर तेथेच आहे.