आधी श्वास, मग ध्यान
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या ग्रुपवर हल्ली शुभेच्छांनंतर सगळ्यात जास्त चर्चा असते ती बीपी, शुगर आणि झोपेची. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्याने झोपेचा प्रश्न माझाही होता. त्यातून ध्यानाकडे वळले, म्हणून दोन शब्द.

बरेच जण म्हणतात, "डोळे मिटले की विचारच जास्त येतात, आपल्याला नाही जमत." मला वाटतं, आपण मधल्या पायऱ्या सोडून थेट ध्यानाला बसतो. पतंजलींच्या अष्टांगात प्राणायाम चौथा, ध्यान सातवं आणि समाधी आठवी. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातही पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे लक्ष देणं. शेगावला आपण रांगेतूनच समाधीपर्यंत जातो, इथेही तसंच.

श्वासच का? हृदयाचे ठोके, पचन आपल्या हुकमात नाहीत. श्वास मात्र आपोआप चालतो आणि ठरवलं तर संथही करता येतो. श्वास सोडताना ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवलं की शरीर निवांत होऊ लागतं. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी असे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली होती.

पद्धत सोपी आहे. खुर्चीत बसा, पाठ ताठ ठेवा. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. पाच मिनिटांनी मोजणं थांबवा आणि पुढची पाच मिनिटं नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघा. मन सोयाबीनच्या भावात, मुलांच्या अ‍ॅडमिशनमध्ये जाईल. रागावू नका, परत आणा. हे परत आणणं म्हणजेच सराव. चक्कर आली तर थांबा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी श्वास रोखायचे प्रकार टाळावेत, आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आज आपल्यातले दोन मित्र इथे नाहीत. दोघांनाही हृदयविकाराने नेलं. श्वासाच्या सरावाने ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण रोज दहा मिनिटं शांत बसलं की धावपळीत दबलेली शरीराची तक्रार ऐकू येते, असा माझा अनुभव आहे. ती ऐकू आली, की अंगावर न काढता डॉक्टरांकडे जा. पुढच्या मेळाव्याला आपण सगळे इथे असायला हवेत.